पाणी कुठलं, वेळ कुठली

वाशिमच्या रेल्वे स्टेशनावर पिवळी पाटी आहे. गावाच्या नावाखाली बारीक अक्षरात उंची लिहिलेली असते, समुद्रसपाटीपासून इतके मीटर. वाशिम पाचशे मीटरच्या वर आहे आणि समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. वाशिम जिल्ह्यातल्या अनसिंग गावाहून वाशिमला जाऊन गाडी पकडणाऱ्या कितीतरी लोकांनी ती पाटी वाचली असेल. पण तो आकडा ज्या शून्यापासून मोजला, ते शून्य कुणी ठरवलं, हे मला समुद्रावर कामाला लागल्यावरच कळलं.

मुंबईच्या अपोलो बंदरावर 1878 पासून भरतीमापकाच्या नोंदी आहेत. जुन्या भरतीमापकाची रचना साधी होती. एक उभी विहीर, तिला खाली लहानसं भोक. बाहेर लाटा कितीही आपटोत, आत पाणी संथपणे वरखाली होतं. त्यावर तरंगणारा गोळा, त्याला जोडलेली तार, आणि घड्याळावर फिरणाऱ्या कागदावर रेघ ओढणारी लेखणी. त्या रेघेवरून तासातासाची पातळी वाचायची आणि वर्षानुवर्षांच्या आकड्यांची सरासरी काढायची, की समुद्राची मध्यपातळी मिळते. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशातल्या उंचीचा जो पाया 1909 मध्ये पक्का केला, तो अशा नऊ बंदरांच्या मध्यपातळीवर बेतलेला होता. अपोलो बंदर त्यांतलं एक. तिथून दुर्बीण आणि मापपट्टी घेऊन टप्प्याटप्प्याने देशाच्या आत उंची नेली गेली. विदर्भातल्या गावाची उंची अशी बंदरावर बसून रोज नोंद करणाऱ्या माणसांच्या नेटावर उभी आहे. त्यांची नावं मला माहीत नाहीत, पण मी स्वतःला त्यांच्याच बिरादरीतला मानतो.

माझं काम ठाण्याच्या खाडीत पाणी गोळा करण्याचं. ही खाडी ठाण्याकडे अरुंद, वाशीच्या पुढे रुंद होत जाते आणि मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते. दोन्ही काठांना खारफुटी, ओहोटीला उघडा पडणारा चिखल, हिवाळ्यात त्यावर उतरणारे रोहित पक्षी. 2022 मध्ये तिला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. गावी गेलं की विचारणा होते, तिथे जाऊन नेमकं मोजता काय? क्षार, तापमान, विरघळलेला प्राणवायू, गढूळपणा, नायट्रेट, फॉस्फेट, प्लवक, अशी यादी मी सांगतो. पण खरं उत्तर त्या यादीत नाही.

आमच्याकडची नदी एका दिशेने वाहते. वाशिम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला आहे. काटेपूर्णा उत्तरेला उतरून पूर्णेला आणि मग तापीतून अरबी समुद्राला जाते. पैनगंगेचं पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराला मिळतं. दोन्हीकडे उतार ठरलेला. पुलावरून बादली सोडली तर हाती येणारं पाणी वरच्या अंगाचं असणार, यात शंका नाही. खाडीत तसं नाही. तीच जागा, तीच होडी, तीच बाटली. पण भरतीला हाती येतं ते समुद्राचं पाणी आणि ओहोटीला शहराचं. सहा तासांत आकडे पार बदलतात, आणि दोन्ही खरे असतात. म्हणून नुसता आकडा लिहून आणणाऱ्याला मी पहिल्यांदा विचारतो, पाणी कुठलं? भरतीचं की ओहोटीचं, उधाणाचं की भांगाचं (लहान भरती-ओहोटीच्या दिवसांचं), वरच्या थरातलं की तळाजवळचं? याचं उत्तर कागदावर नसेल, तर तो आकडा कितव्याही दशांशापर्यंत अचूक असला तरी माझ्या लेखी निरुपयोगी आहे.

कोकणकिनाऱ्यावर यासाठी एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, अमावास्येला आणि पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्याचंच हे तोंडी गणित. छापील भरती-तक्ते माझ्याजवळ असतात आणि नोंदवहीत वेळ मी त्यांतलीच लिहितो. तरी खाडीत आत गेल्यावर पाणी फिरण्याचा खरा क्षण होडी चालवणाऱ्या नाखव्याला आधी कळतो. नांगरलेली होडी कशी वळते, वरचा कचरा कुठे थबकतो, हे तो बघत असतो. ‘थांबा भाऊ, पाणी फिरू द्या,’ असं तो म्हणाला की मी हात आवरतो. उधाणाच्या दिवशी मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. तसल्या ओढीत सोडलेली बाटली उभी खाली न जाता तिरकी पसरते आणि दोरीवरची खोलीची खूण खोटी ठरते.

या सगळ्या कामात माझं मन सर्वांत जास्त रमतं ते प्राणवायूच्या नमुन्यात. दोन्ही तोंडं उघडी असलेली नळकांडी ठरल्या खोलीवर सोडायची, वरून दोरीवर वजन घसरत पाठवायचं. ते आपटलं की झाकणं मिटतात. मग वर आणून, सगळ्यांत आधी, प्राणवायूची काचेची बाटली भरायची. नळी बाटलीच्या तळाला टेकवून पाणी भरायचं, थोडं वाहू द्यायचं, हवेचा एक बुडबुडाही आत राहता कामा नये. लगेच मँगनीजचं आणि अल्कधर्मी आयोडाइडचं द्रावण घालून बूच लावायचं. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने 1888 मध्ये दिलेली ही रीत. पाण्यात प्राणवायू असेल तर काकवीसारखा तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा. पुढचं मोजमाप प्रयोगशाळेत होतं, पण होडीतच, यंत्राशिवाय, त्या पाण्यात मासा जगेल की नाही याचा अंदाज येतो. पांढरा साका दिसला की होडीतलं बोलणं थांबतं. नाखव्याला रसायन माहीत नाही, पण त्या रंगाचा अर्थ त्याला आता पाठ आहे.

आता पाण्यात सोडून ठेवायचे संवेदक आले आहेत. दर काही मिनिटांनी ते आकडे पाठवतात आणि ते मला हवेच आहेत. रात्रीची ओहोटी मी कधी बघणार? मात्र उष्ण कटिबंधातल्या पाण्यात संवेदकावर काही आठवड्यांत शेवाळ चढतं, मग शिंपले बसतात. यंत्र बंद पडत नाही, हळूहळू सरकत जाते त्याची नोंद, आणि आलेखावर ती सरकण समुद्राच्या बदलासारखीच दिसते. उपग्रह वरच्या थराचा रंग बघतो. काठाजवळच्या गाळात त्यालाही हरितद्रव्याचा अंदाज चुकतो. म्हणून हाताने भरलेली बाटली अजून लागते, यंत्राला विचारायला की तू खरं सांगतोस ना.

एकाच जागी परत परत गेल्याने काय मिळतं, याचं उत्तम उदाहरण गोव्यात आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ कांदोळीसमोरच्या उथळ समुद्रात 1990 च्या दशकापासून नमुने घेत आले. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिथे खालून प्राणवायू कमी असलेलं पाणी वर चढतं आणि तळाजवळचा थर गुदमरतो. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं. कुणी एकदाच, जानेवारीत, तिथे गेलं असतं तर त्याला निरोगी समुद्र दिसला असता.

ठरलेल्या जागी घेतलेल्या आकड्यावर सगळं ठरणं, हे अनसिंगच्या शेतकऱ्याला परकं नाही. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत 65 मिलिमीटर भरले तर अतिवृष्टी, नाहीतर नाही. सोयाबीन वाहून गेलेलं असलं तरी आधी तो आकडा विचारला जातो. आणि पर्जन्यमापकाजवळ झाड वाढलं तर आकडा येत राहतो, पण त्याचा अर्थ बदललेला असतो. म्हणून अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा, असा नियम आहे. पुढे जाऊन बघितलं तर तो पाऊस समुद्रातूनच येतो. आर्गो नावाची यंत्रं जगभरच्या समुद्रांत हजारोंनी सोडलेली आहेत. दोन हजार मीटर खोल जाऊन दर दहा दिवसांनी वर येतात आणि तापमान, क्षार उपग्रहाला सांगतात. भारतातलं हे काम हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था बघते. मान्सूनच्या अंदाजामागे असले आकडे असतात.

आमच्या नोंदींत एक भोक मात्र दरवर्षी पडतं. जून-जुलैत मासेमारी बंद, लहान होड्या ओढून काठावर घेतलेल्या, आणि नेमक्या त्याच दिवसांत डोंगरावरची माती, शेतातलं खत, शहरातलं सांडपाणी सगळं एकदम खाडीत उतरतं. वर्षाची सरासरी काढणारे हे दोन महिने गाळून उरलेल्यांवर काढतात, आणि ती सरासरी खाडीला वाजवीपेक्षा स्वच्छ दाखवते. मला हे मान्य नाही. त्या दिवसांत मी पुलावरून आणि धक्क्यावरून बाटली सोडतो. जागा तीच नसते, खोलीही तीच नसते. म्हणून त्या पानांवर वरच्या बाजूला ‘पुलावरून’ असं मोठ्या अक्षरात लिहितो आणि ते आकडे होडीच्या आकड्यांत मिसळू देत नाही.