लघुत्वाचा प्रत्यय

वस्तु लहान करून सांगितली म्हणजे ती खरोखर लहान होते असें नाहीं. सांगणारा मात्र ऐकणाराच्या थोडा जवळ सरकतो. पोलिश भाषेंत या सरकण्याची सोय जागोजाग आहे. चहा हा तेथें ‘हेर्बाता’. पण यजमानीण पाहुण्याला ‘हेर्बात्का’ घेण्याचा आग्रह करते. पेला तोच, चहाहि तेवढाच. वाढतो तो जिव्हाळा. ‘ख्फीला’ म्हणजे क्षण. कोणाला थांबवावयाचें असलें कीं त्या क्षणाची ‘ख्फिलेच्का’ होते, आणि ती कधीं कधीं चांगली अर्धा तास चालते! जगाला ठाऊक असलेली वोद्का हीहि मूळची ‘व्होदा’ची, म्हणजे पाण्याचीच, धाकटी लेक.

आपल्याकडे वासरूं, पाखरूं, लेंकरूं या शब्दांत असेंच वात्सल्य आहे. पण आपला दुकानदार बिलाला ‘बिलरूं’ म्हणत नाहीं. पोलंडांत मात्र गल्ल्यावरची बाई गिऱ्हाइकाजवळ पैसे मागतांना त्यांनाहि लाडानें ‘प्येन्यॉंश्की’ म्हणते. शुद्ध भाषेची चाड असणाऱ्यांना ही लकब खटकते, आणि त्यांची बाजू मला पटते. मागणाऱ्याचा स्वर गोड झाला म्हणून देणाऱ्याचा खिसा हलका व्हावयाचा राहत नाहीं.

तरीहि या लकबीला निव्वळ ढोंग म्हणवत नाहीं. परक्या प्रौढ माणसाला ‘तूं’ म्हणणें तेथें असभ्य. पुरुषाला ‘पान’ व स्त्रीला ‘पानी’ म्हणून, जणुं तिऱ्हाइताविषयीं बोलावें तसें, त्याच्याशींच बोलावें लागतें. एवढ्या भिंतीला एखादी खिडकी हवीच. म्हणून यान नांवाच्या ओळखीच्या गृहस्थाला ‘पान्ये यान्कू’ अशी हांक मारतात. आपल्या ‘बाळासाहेब’सारखीच ही हांक: अदब कायम, अंतर मात्र कमी.

पावालाहि तेथें ‘ख्लेप’ न म्हणतां पुष्कळदां ‘ख्लेबेक’ म्हणतात. १९४०-४१ मध्यें सोव्हिएट सत्तेनें पूर्व पोलंडांतून हद्दपार केलेल्या कुटुंबांतील सुमारें पांच हजार माणसें, बहुतेक बायकामुलेंच, १९४३ ते १९४८ या काळांत कोल्हापुराजवळ वळिवडे येथील छावणींत राहिलीं. हद्दपारींत त्यांनीं उपासमार सोसली होती. त्यांतल्या एखाद्या आईनें मुलाच्या हातीं ‘ख्लेबेक’ ठेवला असेल, तर त्या शब्दाला लकब कोण म्हणेल? गल्ल्यावरचा प्रत्यय आणि हा प्रत्यय एकच. शब्द खरा कीं खोटा, हें त्यावरून ठरत नाहीं; बोलणाऱ्याला त्या वस्तूचें मोल किती कळलें आहे, यावरून ठरतें.