न लागणारं दार

दारांच्या बाबतीत माणसांचे दोन प्रकार असतात. दार लागत नाही म्हटल्यावर सुताराला बोलावणारे, आणि दार लागत नाही म्हटल्यावर ‘त्यात काय आहे!’ असं म्हणून बाह्या सारणारे. मी दुसऱ्या प्रकारातला. आमच्या घरची सगळी दारं सुतारानेच दुरुस्त केलेली आहेत, फक्त माझ्यानंतर.

पुण्यात दाराचं दुखणं ठरलेलं असतं. आषाढ लागला की लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. मग कडेला मेणबत्ती घासायची, आणि तेवढ्याने भागलं नाही तर रंधा मारायचा. मी रंधा मारतो. वैशाखात त्याच दाराला बोट जाईल एवढी फट पडते आणि सुतार येतो. एकूण शास्त्र मला पाठ आहे हे सांगायचा मुद्दा.

एवढं ज्ञान गाठीशी बांधून आम्ही उभयता चिरंजीवांकडे अमेरिकेत, डेन्व्हरला गेलो. तिथे मला काही कामच नव्हतं. भांडी यंत्र घासतं, केर यंत्र काढतं, आणि मी पंख्याकडे नुसतं पाहिलं तरी चिरंजीव म्हणत, “बाबा, राहू द्या. मी बघतो.” ‘राहू द्या’ हे शब्द फार आदराचे आहेत, पण दिवसातून सात वेळा ऐकले की आपण घरात पाहुणे आहोत की फर्निचर, हे कळेनासं होतं.

त्यातच व्याही आणि विहीणबाईही आल्या होत्या. तेव्हा सगळ्यांनी मिळून यलोस्टोन पाहायचं ठरलं. १८७२ साली राखलेलं हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. चिरंजीवांनी त्यासाठी कॅम्पर भाड्याने आणला. कॅम्पर म्हणजे तीस फूट लांबीची, चाकांवर चालणारी वन रूम किचन. त्यात शेगडी, फ्रीज, बिछाने, आणि मधोमध एक न्हाणीघर. माणसं सात, न्हाणीघर एक, आणि त्याला दार एक.

पहिल्या रात्री आम्ही वाटेत एका सपाट डांबरी तळावर थांबलो. दार गुपचूप लागलं. दुसऱ्या दिवशी यलोस्टोनमध्ये शिरून पाइनच्या झाडांच्या गर्दीत गाडी उभी केली, आणि दार बंड करून उठलं. वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासायचं, खालच्या बाजूला फट राहायची, आणि कुलपाची जीभ खाचेच्या बोटभर खालीच टेकायची. ढकललं की लागल्यासारखं करायचं आणि आतल्या माणसाने पाठ फिरवली की ‘कुर्रर्र’ करत उघडायचं.

आता व्याही-विहिणींसमोर न्हाणीघराचं दार उघडणं म्हणजे काय, हे ज्याने मुलाचं लग्न केलं आहे त्यालाच कळेल. लग्नात मानापमानावरून एवढं झालं नव्हतं. शेवटी ज्याने त्याने आपापला उपाय काढला. विहीणबाई आत गेल्या की रामरक्षा म्हणत. रामरक्षा थांबली की जागा झाली असं समजायचं. व्याही गात. मला गळा नाही, म्हणून मी खोकत असे. नातवाला हा प्रकार इतका आवडला की तो बाहेर बसूनसुद्धा खोकायला लागला.

बाहेर तळाचं स्वच्छतागृह होतं, नाही असं नाही. पण वाटेत अस्वलांपासून सावध राहण्याची पाटी होती, चित्रासकट. रात्री दोन वाजता त्या पाटीवरून जायची कोणाची तयारी नव्हती. आणि हिने सरळ दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं. समुद्रसपाटीपासून जवळजवळ आठ हजार फुटांवर, कोरड्या हवेत. संध्याकाळी डोकं धरून बसली. विचारलं तर म्हणाली, “काही नाही, प्रवासाचा शीण.” तिचा शीण कुठल्या बिजागरीत अडकला आहे हे मला ठाऊक होतं. मग मात्र मी बाह्या सारल्या.

“बाबा, राहू द्या,” चिरंजीव म्हणाले. “परत गेल्यावर त्यांना सांगू.”

मी राहू दिलं नाही. रंधा नव्हता, पण चिरंजीवांचा घडीचा चाकू होता. वरचा कोपरा घासतोय ना, मग तिथलं लाकूड थोडं तासायचं. मी दोनदा चाकू ओढला आणि हात थांबला. आत लाकूडच नव्हतं! वर लाकडाच्या रेषा छापलेला पातळ पापुद्रा आणि पोटात पुठ्ठ्याचं मधाचं पोळं. गाडी हलकी राहावी म्हणून दारं अशी पोकळच करतात म्हणे. ते दार नव्हतं, दाराचा फोटो होता. आणि मी फोटोला रंधा मारायला निघालो होतो. तेवढ्यात चिरंजीवांची नजर पडली. ते काही बोलले नाहीत. ठेवलेल्या अनामत रकमेचा आकडा मात्र त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता आला.

इथे व्याही पुढे झाले. व्याही बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या भिंती वाकड्या ठरवल्या होत्या. त्यांनी दाराकडे पाहिलंच नाही, चौकटीकडे पाहिलं आणि म्हणाले, “चौकट गुण्यात नाही.”

“मोजू या,” मी म्हणालो.

मोजपट्टी नव्हती. मी पायजम्याची नाडी ओढून काढली. (दुसरा पायजमा वाळत होता; त्या अवस्थेचं वर्णन करत नाही.) चौकटीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत नाडी ताणली, गाठ मारली. मग तीच नाडी दुसऱ्या कर्णावर. आयत सरळ असेल तर दोन्ही कर्ण सारखे भरतात, हे आम्हाला शाळेत छड्या मारून शिकवलेलं. इथे गाठ बोटभर पुढे गेली. चौकटीचा समांतरभुज चौकोन झाला होता!

“दार बिचारं सरळ आहे,” व्याही म्हणाले. “घर वाकडं उभं आहे.”

त्यांनी ओट्यावर काचेचा पेला ठेवून पाणी भरलं. पाणी मागच्या उजव्या कोपऱ्याकडे चढलं. ही आमची पाणसळ. बाहेर जाऊन पाहतो तर मागचं उजवं जोडचाक चांगलं वीतभर खळग्यात. इतकी लांब गाडी, त्यावर पातळ पत्र्याचं आणि प्लायवूडचं हलकं घर. एक चाक खाली गेलं की सांगाडा पिळतो, आणि तो पीळ सगळ्यात आधी दाराच्या चौकटीत उतरतो.

आम्ही दोघे न्यूटनच्या तोऱ्यात आत आलो आणि शोध जाहीर केला. ही डोकं धरूनच म्हणाली, “अहो, मी सकाळपासून सांगतेय, थालिपिठाचं तेल तव्यावर एकाच बाजूला पळतंय.” सूनबाई म्हणाल्या, “आणि बटाटेही घरंगळतात.” नातवाने बापाचा फोन ओट्यावर आडवा ठेवला आणि म्हणाला, “आबा, यात पाणसळ असते.” असते! मी नाडी परत ओवायला घेतली.

आता चाक उचलायचं कशाने? चिरंजीव गाडीच्या पोटातलं कपाट धुंडाळू लागले. “इथे पिवळे ठोकळे असायला हवेत.” पिवळे, प्लॅस्टिकचे, एकमेकांत बसणारे ठोकळे काल मीच नातवाला खेळायला काढून दिले होते. त्यांचा त्याने पाइनच्या झाडाखाली अस्वलासाठी बंगला बांधला होता. बंगला पाडावा लागला. दोन्ही जोडचाकांपुढे ठोकळ्यांचा उतार रचला, आणि चिरंजीव गाडी इंचाइंचाने पुढे घेऊ लागले. व्याही आत पेल्यावर नजर लावून, मी बाहेर चाकाजवळ, नातू दोघांच्या मधे निरोप्या. “अजून! अजून! बस्स!”

मग सगळे न्हाणीघरासमोर जमले. मी दार एका बोटाने ढकललं.

‘टक्.’

त्या एवढ्याशा आवाजाला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ‘ओल्ड फेथफुल’चं उकळतं कारंजं साधारण दीड तासाने उडतं ते पाहिलं, तेव्हाही टाळ्या झाल्या, पण त्यात तो जीव नव्हता. हिने त्या रात्री दोन पेले पाणी घेतलं. रामरक्षा पुन्हा दिवेलागणीला, देवासाठी म्हटली जाऊ लागली. व्याह्यांचं गाणं तेवढं चालूच राहिलं. त्याचा दाराशी काही संबंध नव्हता, असं विहीणबाईंनी नंतर सांगितलं.

डेन्व्हरला परतल्यावर चौथ्या दिवशी चिरंजीव हातात मेणबत्ती घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

“बाबा, तळघराचं दार जरा अडकतंय. बघता का?”

मी खाली गेलो. दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, लावलं. काहीही अडकत नव्हतं. कर्ण मोजले असते तर केसाचाही फरक निघाला नसता.

मी त्याला चांगला अर्धा तास मेणबत्ती घासली.