नावावरून निवडलेल्या चाचण्या
पायटेस्ट या चाचण्या चालवणाऱ्या साधनाला ‘-के’ पर्यायात ‘मंगरूळ’ दिलं, की नावात तो तुकडा असलेल्या सगळ्या चाचण्या चालतात. वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरच्या आणि अमरावतीतल्या मंगरूळ दस्तगीरच्याही. जास्तीच्या चालल्या तर थोडा वेळ जातो, एवढंच. ‘अँड नॉट दस्तगीर’ जोडलं की तेही टळतं. मला खरी काळजी गळणाऱ्यांची वाटते. कुणी ऱ्हस्व ‘मंगरुळ’ लिहिलं असेल, तर ती चाचणी मुकाट्याने बाजूला पडते आणि पडद्यावर सगळं हिरवंच दिसतं. वगळलेल्यांचा आकडा शेवटी छापला जातो हे खरं, पण कोणती गळली ते आकडा सांगत नाही. दर दुरुस्तीला सगळ्या चाचण्या चालवणं परवडत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून काम हातात असताना नावावरून जरूर निवडावं. कोड मुख्य शाखेत जाण्याआधी मात्र सगळ्याच चालवाव्यात. कायमचे गट हवे असतील तर चाचण्यांवर लावायच्या खुणा, म्हणजे मार्कर, बरे: कडक तपासणी लावली, की न नोंदवलेला मार्कर पायटेस्ट तिथेच अडवतं.