एकटीचा प्रवास

आमच्या स्त्रीवर्गास प्रवासाची आवड नाही, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. आषाढीच्या वारीत पायी चालणाऱ्या वृद्ध स्त्रिया पाहाव्यात, काशी-रामेश्वर करून आलेल्या घरोघरच्या आजीबाई आठवाव्यात, म्हणजे आमचे म्हणणे पटेल. परंतु या सर्व प्रवासांत एक गोष्ट समान असते. ती म्हणजे सोबत. पुत्र, दीर, जावई, निदान आळीतील चारचौघी बरोबर असल्यावाचून साठीची स्त्री परगावी जात नाही. आणि जाते म्हणाली तर घरचे तिला जाऊ देत नाहीत. अशा स्त्रीने मुद्दाम एकटीनेच चार दिवस बाहेर जाऊन यावे, यात तिचा कोणता लाभ आहे, याचा थोडा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

या कामी एका परदेशीय स्त्रीचे चरित्र बोधप्रद आहे. इडा फायफर ही ऑस्ट्रियातील व्हिएन्ना नगरीत १७९७ साली जन्मली. तिचा विवाह तिच्याहून चोवीस वर्षांनी वडील अशा एका वकिलाशी झाला. पुढे पतीचा व्यवसाय बसला, तेव्हा चित्रकलेच्या व संगीताच्या शिकवण्या करून तिने संसार रेटला आणि दोन पुत्रांस वाढविले. मुले मार्गास लागल्यावर १८४२ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, म्हणजे त्या काळच्या मानाने उतारवयातच, ती एकटी घराबाहेर पडली. कॉन्स्टँटिनोपलच्या मैत्रिणीकडे जाते असे तिने सांगितले. गेली मात्र थेट जेरुसलेम व मिसर देशापर्यंत! त्या प्रवासाचे पुस्तक लिहावे व त्याच्या प्राप्तीवर पुढचा प्रवास करावा, अशा रीतीने तिने दोन वेळा पृथ्वीप्रदक्षिणा केली. बर्लिनच्या भूगोलसंस्थेने तिला सन्माननीय सभासद करून घेतले.

आम्हांस विशेष कौतुक वाटते ते याचे, की ही बाई आपल्या महाराष्ट्रातूनही गेली. १८४८ च्या आरंभी, पन्नाशीत, दिल्लीहून कोटा-इंदूरमार्गे ती अजिंठ्यास आली. तेथून औरंगाबाद, वेरूळ, दौलताबाद पाहून पुण्यावरून मुंबईस पोहोचली. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, त्यानंतर पाच वर्षांनी. म्हणजे हा सारा मार्ग बैलगाडीच्या गतीचा होता, हे ध्यानी घ्यावे.

इडाबाईंस कीर्ती मिळाली, पण एकटीच्या प्रवासाचे खरे फळ कीर्ती नव्हे. आणि त्या फळासाठी पृथ्वीप्रदक्षिणाही लागत नाही. गतवर्षी मार्गशीर्षात आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांस सारे घर आक्का म्हणते, वयाच्या ७१ व्या वर्षी पुण्याहून एकट्याच वेरुळास जाऊन आल्या. त्यांनी हा मनोदय प्रकट करताच घरात मोठीच चर्चा झाली. थोरले चिरंजीव म्हणाले, "आई, चार दिवस थांब, मी रजा काढून नेतो." आक्का शांतपणे म्हणाल्या, "अरे, सोबत पन्नास वर्षे होतीच. आता चार दिवस माझी मला होऊ दे." आमचे मत विचारण्यात आले, तेव्हा जाऊ द्यावे असे आम्ही सांगितले.

आक्कांनी वेरूळ पूर्वी पाहिले नव्हते काय? पाहिले होते, चाळीस वर्षांपूर्वी, सहकुटुंब. परंतु त्या वेळी एक मूल कडेवर, दुसरे पदराशी आणि हाती दशम्यांचा डबा. तेव्हा कैलास लेणे पाहिले ते यजमानांनी, आक्कांनी पाहिली ती सावली, मुलांना बसविण्यापुरती. या खेपेस त्या लेण्यात तीन तास बसल्या. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी कोरलेले हे देवालय एकाच खडकातून, वरून खाली, आधी शिखर व मग पाया अशा क्रमाने उतरले आहे. रावण कैलास हालवीत असलेल्या शिल्पापाशी त्या फार वेळ थांबल्या. पार्वती शंकरास बिलगली आहे, आणि मागे एक दासी घाबरून पळत सुटली आहे. "इतक्या गडबडीत त्या दासीकडे लक्ष देणारा कारागीर मोठा मनाचा असला पाहिजे," असे त्या आम्हांस म्हणाल्या. हे निरीक्षण चाळीस वर्षांपूर्वीही त्यांच्याच ठायी होते. त्यास फक्त अवसर मिळाला नव्हता.

दुसरे दिवशी अहल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या घृष्णेश्वराचे दर्शन घेऊन त्या दौलताबादेस उतरल्या. तेथे पुढची गाडी चुकली व दोन तास रस्त्याकडेला काढावे लागले. पेरू विकणाऱ्या बाईपाशी बसून त्यांनी एक पेरू घेतला व तेथेच खाल्ला. घरी फळ आले की ते आधी नातवंडांच्या हाती जाते, उरले तर आजीच्या. सबंध पेरू, कोणास न विचारता, आपल्या भुकेच्या वेळी खाणे हे त्यांस इतके नवे वाटले, की लेण्यांइतक्याच अगत्याने त्यांनी आम्हांस ते सांगितले.

आमच्या मते लाभ आहे तो हाच. घरात स्त्री सदैव कोणाची तरी कोणी असते. माता, सासू, आत्या, आजी. ही नाती सुखाची आहेत यात संशय नाही. परंतु केव्हा उठावे, कोठे थांबावे, काय पाहावे, याचा निर्णय आपला आपण करण्याची शक्ती न वापरल्यास गंजते. एकटीच्या प्रवासात ती पुन्हा हाती येते. शिवाय परत आल्यावर आक्कांस असेही आढळले, की चार दिवस त्यांच्यावाचून घर नीट चालले. क्षणभर त्यांस वाईट वाटले, मग हायसे वाटले. आता गुरुवारची दुपार त्या स्वतःकडे राखून ठेवतात.

सावधगिरी अर्थात हवी. पहिली खेप दोन रात्रींची, जवळच्या गावी करावी. ओझे आपल्याला उचलवेल इतकेच घ्यावे. औषधे हाताशी असावीत. मुक्कामाचा पत्ता घरी देऊन ठेवावा. वेरूळची लेणी मंगळवारी व अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, हेही पाहून निघावे. मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाड्यांतून स्त्रियांस अर्ध्या भाड्यात प्रवासाची सवलत मिळाल्याने खर्चाची सबबही लंगडी पडली आहे. घरच्यांनी मात्र तासातासाला दूरध्वनी करून सोबतीस जाऊ नये. रात्री एकदा खुशाली कळली म्हणजे पुरे.

वाचकहो, घरातील वडील स्त्रीने उद्या असा मनोदय बोलून दाखविला, तर सोबत कोण, हा प्रश्न एकदम विचारू नये. कोठे जावेसे वाटते, हे आधी विचारावे. कित्येक वर्षांत तिला हा प्रश्न कोणी केला नसेल.