स्वस्तांतला डान्स पॅड

दुकानदार जी वस्तु सवलतीची म्हणून देऊं करतो, तिच्याविषयीं फारशी चौकशी करण्याचा प्रघात आपल्या घरांतून नाहीं. "मिळते आहे, असूं द्या," एवढ्यावर ती पिशवींत पडते. परंतु मुलांच्या हातापायांशीं जिचा संबंध येतो, तिच्याबाबत थोडा विचार अवश्य करावा, असें मला वाटतें.

डान्स पॅड म्हणजे जमिनीवर अंथरण्याची, चार दिशांचे बाण काढलेली चटई. पडद्यावर बाण वर सरकत येतात. ते ठराविक खुणेशीं पोंचतांच, गाण्याच्या ठेक्यावर, पायाखालचा तोच बाण दाबावयाचा. जपानांतील कोनामी कंपनीनें १९९८ सालीं 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' हा खेळ करमणुकीच्या दुकानांतून आणला आणि पुढच्याच वर्षीं तो घरगुती यंत्रावर आला. त्याला पोरखेळ म्हणून हिणवूं नये. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यानें २००६ सालीं आपल्या सर्व ७६५ सरकारी शाळांतून व्यायामासाठीं हाच खेळ नेण्याचें जाहीर केलें होतें. पावसाळ्यांत तासन् तास पलंगावर लोळणाऱ्या मुलांना घाम फुटेल असें कांहीं घरांत असलें, तर कोणत्या आईला तें नको आहे?

तेव्हां प्रश्न खेळाचा नसून चटईचा आहे. आमचे मोठे दीर नवा टेलिव्हिजन घेणार होते; चारशें रुपये अधिक भरल्यास सोबत पॅड मिळत होता. तसलाच पॅड शेजारीं आलेला असल्यामुळें मला तो नीट पाहतां आला. आंत विजेचा प्रवाह वाहून नेणारे दोन पातळ थर असतात व त्यांच्यामध्यें भोंकें पाडलेला फोम. पाय पडला कीं त्या भोंकांतून दोन्ही थर एकमेकांस टेकतात आणि यंत्राला पाऊल कळतें. या पॅडांत फोम कागदासारखा. चटईला सुरकुती पडली कीं एखादा बाण पाय न लावतां दाबलेला राहतो. दुसरा टाच आपटली तरी मुका. गुळगुळीत फरशीवर ती पायाखालून सरकते तें वेगळेंच.

आमची अकरा वर्षांची पुतणी त्यावर खेळत होती. ताल चुकतो म्हणून यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनांतील नाचांतून तिला वगळलें; तेव्हांपासून ती घरांत गुणगुणतही नाहीं. मी पडद्याकडे न पाहतां तिच्या पायांकडे पाहत होतें. पाऊल अगदीं ठेक्यावर पडत होतें. पडद्यावर मात्र चूक, पुन्हां चूक. "काकू, मला ताल नाहींच ना?" असें म्हणून ती बाजूला झाली. मग मीं पडद्यावर ओढणी टाकली, तेंच गाणें पुन्हां लावलें आणि टाळी धरली. एखाददुसरें पाऊल सोडल्यास पोर कोठें चुकली नाहीं.

येथें चारशें रुपयांचा हिशेब संपतो. बेसूर पेटीवर शिकणारें मूल पेटीला दोष देत नाहीं, स्वतःच्या गळ्याला देतें. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या फुगडींत जमीन कधीं 'चुकलीस' म्हणाली नाहीं हो!" पांच-सहा वर्षांच्या धाकट्यांना नुसत्या उड्या मारावयास हा पॅड पुष्कळ झाला, गुण किती पडले याची त्यांना पर्वा नसते. परंतु जें मूल शिकूं पाहतें आणि मनाला लावून घेतें, त्याच्यासाठीं मी तो फुकटही घेणार नाहीं. दिरांनींही तो घेतला नाहीं. जाड फोमचा, टणक बुडाचा पॅड कितीतरी महाग पडतो. पण वर्षभर थांबून तोच घ्यावा.

ज्यांच्या घरीं स्वस्तांतला आधींच आला आहे, त्यांनीं तो प्लायवुडच्या फळीवर ताणून बसवावा व कडा चिकटपट्टीनें पक्क्या कराव्या. फळी नसेल तर निदान घडी न घालतां गुंडाळून ठेवावा. बूट घालून कोणास त्यावर चढूं देऊं नये. नवे टेलिव्हिजन चित्र सुधारण्यांत क्षणाचा कांहीं अंश घालवितात आणि बरोबर पडलेलें पाऊलही उशिराचें ठरतें. यासाठीं त्यांत 'गेम मोड' असतो, तो लावावा. आणि मूल चढण्यापूर्वीं मोठ्या माणसानें प्रत्येक बाण दहा-दहा वेळां दाबून पाहावा. जो फसवितो, तो मुलाला अगोदरच दाखवून ठेवावा.