चव पालटते तेव्हा

आपल्या माणसांच्या आवडीनिवडी आपण फार लवकर ठरवून टाकतो. अमक्याला कारले चालत नाही, तमकीच्या चहात साखर नको, थोरल्याला तिखटच लागते, अशा नोंदी प्रत्येक घराला तोंडपाठ असतात. मग एखाद्या दिवशी थोरला म्हणतो, 'आज जरा फिके वाढ,' आणि सारे घर त्याच्याकडे बघत राहते. माणूस वयाने वाढतो, आजारी पडतो, प्रवास करतो, प्रिय माणसांना निरोप देतो. एवढे सगळे घडत असताना त्याची जीभ तेवढी आहे तिथेच राहावी, अशी अपेक्षा आपण का करतो?

कडू चवीचेच पाहा. कडू वस्तू तान्ह्या बाळाच्या ओठांना लागली की ते तोंड वाकडे करते. अनेक विषारी वनस्पती कडू असल्याने निसर्गाने जिभेवर हा पहारेकरी बसवला आहे. तरीही मोठेपणी हाच माणूस मेथीची भाजी आणि दुधाविना कॉफी आवडीने घेतो. बिअरचा पहिला घोटही बहुतेकांना आवडत नाही. ती चव हळूहळू शिकावी लागते, आणि जे शिकता येते ते कधी विस्मरणातही जाते.

धर्मगुरूने बिअरविषयी लिहावे हे काही वाचकांना रुचणार नाही. त्यांच्या नापसंतीचा मी आदर करतो. दारूने पोखरलेली घरे मी धर्मग्रामात जवळून पाहिली आहेत, आणि रात्री अपरात्री आलेल्या मायबहिणींचे अश्रूही पाहिले आहेत. मद्याचे अमुक प्रमाण आरोग्याला सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. ज्यांनी पेल्याला कायमचा नकार दिला, त्यांची वाट सर्वांत निर्धोक आहे. पुढचे लिखाण माफक घेणाऱ्यांच्या एका लहानशा अनुभवाविषयी आहे, आणि तो अनुभव केवळ पेयापुरता नाही असे मला वाटते.

ख्रिस्ती मठांचे आणि बिअरचे नाते जुने आहे. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या चाळिसाव्या प्रकरणात पेयाच्या मापाचा विचार आहे. प्रत्येकाला देवाकडून मिळालेले दान वेगळे असते, म्हणून दुसऱ्याच्या खाण्यापिण्याचे माप ठरवताना आपल्याला संकोच वाटतो, असे ते तेथे प्रारंभीच नमूद करतात. मग दुर्बलांचा विचार करून ते दिवसाला एक 'हेमिना' द्राक्षारस पुरेसा मानतात. हे रोमन माप साधारण पाव लिटरचे. जेथे द्राक्षे पिकत नव्हती, त्या उत्तर युरोपात मठांच्या भोजनगृहात द्राक्षारसाची जागा बिअरने घेतली. संत हिल्डेगार्ड (१०९८ ते ११७९) यांनी बाराव्या शतकात हॉप नावाच्या वेलीविषयी लिहिताना, तिच्या कडूपणामुळे पेय नासत नाही, अशी नोंद केली आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१२ साली ज्यांना ख्रिस्तसभेच्या महापंडित म्हणून घोषित केले, त्या याच विदुषी. जुन्या रोमी विधिग्रंथात तर बिअरवर आशीर्वाद मागणारी स्वतंत्र प्रार्थनाही आहे.

या परंपरेशी माझी ओळख बेल्जियममध्ये झाली. ईशज्ञानाच्या पुढील अभ्यासासाठी १९९९ ते २००२ ही तीन वर्षे मी लूव्हेनला होतो. १४२५ साली स्थापन झालेले तेथील विद्यापीठ आणि तेथील बिअर या दोन्ही गोष्टींचा गावाला सारखाच अभिमान. थंडीचे दिवस, दुपारी चारलाच दाटून येणारा अंधार, डच भाषेची धास्ती. अशा एका संध्याकाळी सहाध्यायी धर्मगुरूंनी माझ्यासमोर वेस्टमालच्या त्रापिस्त मठात तयार होणारी काळसर बिअर ठेवली. त्या मठात १८३६ पासून बिअर गाळली जाते. तिथल्या काळ्या बिअरला 'डुब्बल' म्हणतात. त्रापिस्त नावाने विकल्या जाणाऱ्या बिअरला कडक नियम आहेत. ती मठाच्या आवारातच तयार व्हावी, तिच्यावर व्रतस्थांची देखरेख असावी आणि तिचे उत्पन्न मठाच्या निर्वाहासाठी व गरजूंसाठी खर्च व्हावे. त्या पेल्यात मला मनुका, करपवलेली साखर आणि भाजलेल्या धान्याचा वास एकत्र भेटला. पुढे वीस वर्षे ती माझी आवडती बिअर राहिली. भारतात परतल्यावर ती वर्षाकाठी एकदाच भेटे. सेमिनरीतील आम्ही तीन वर्गबंधू नाताळच्या आठवड्यात एकत्र जमत असू. युरोपात काम करणारा आमच्यातला एकजण एक बाटली घेऊन येई आणि आम्ही ती तिघांत वाटून घेत असू. एवढ्याशा घोटाला अख्खे वर्ष पुरेल इतक्या गप्पांची सोबत असे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत मी आजारी पडलो. ज्वर उतरला, श्वास पूर्ववत झाला. त्या दिवसांत आमच्या धर्मग्रामात किती अंत्यविधी झाले हे आठवले की मी बरा झालो याचेच अप्रूप वाटते. पण गंध गेला होता. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकाचा असतो. गोड, आंबट, खारट, कडू एवढे जीभ सांगते. हा आंबा की पेरू, हे घशामागून नाकात चढणारा वास सांगतो. या विषाणूने नाकातील गंधपेशींना आधार देणाऱ्या पेशींना इजा केल्यामुळे असंख्य लोकांचा गंध हरपला.

काही महिन्यांनी गंध परतला, पण वाकडा होऊन. कांदा परतला की कुजका वास येई. कॉफी नकोशी झाली. वेदीसमोरचा धूप जळक्या रबरासारखा वाटू लागला, आणि मिस्साविधीत पात्र ओठांना लावताना द्राक्षारसाची ओळखीची चव लागेना. श्रद्धा चवीवर अवलंबून नसते हे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो. ते स्वतः जगून पाहण्याची वेळ आता आली होती. अशा रुग्णांना भाजलेल्या पदार्थांचे वास विशेष त्रास देतात, असे संशोधकांना आढळले आहे. माझी आवडती बिअर तर भाजलेल्या आणि करपवलेल्या गंधांवरच उभी होती.

त्या वर्षीच्या नाताळच्या आठवड्यात आम्ही तिघे पुन्हा भेटलो. दोन वर्षांच्या खंडानंतरची ती भेट होती. मित्राने कौतुकाने तीच बाटली आणली होती. पहिल्याच घोटाला तोंडात गंजक्या लोखंडाची चव पसरली. मी पेला खाली ठेवला आणि काय झाले ते सांगून टाकले. क्षणभर शांतता झाली. मला बिअरचे दुःख नव्हते. तीन पेल्यांपैकी एक रिकामा होणार नाही, म्हणजे आमच्यातले काहीतरी संपले की काय, अशी भीती मला वाटली. मित्राने माझा पेला उचलला, अर्धा स्वतःच्या पेल्यात ओतला, अर्धा दुसऱ्याच्या, आणि माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवत म्हणाला, "फादर, तुम्ही पाणी घ्या, पण बोलायचे तुमच्या वाट्याचे सगळे." गप्पा नेहमीप्रमाणे मध्यरात्रीपर्यंत चालल्या. निष्ठा माणसांशी असते, पेयाशी नसते, हे त्या रात्री उमगले. त्यानंतर चवीच्या बदलाची भीती बरीच ओसरली.

डॉक्टरांनी एक साधा उपाय सुचवला होता. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली तो प्रसिद्ध केला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास दिवसातून दोन वेळा, बारा आठवडे, मन लावून हुंगायचे. गंधपेशी आयुष्यभर नव्याने जन्म घेतात, म्हणून या सरावाला अर्थ आहे. मी धर्मगुरुनिवासाच्या खिडकीत चार लहान बाटल्या ठेवल्या आणि सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर त्यांच्यापुढे बसू लागलो. सर्वांत आधी लवंग परत आली. गुलाबाला पुढे वर्षभर लागले.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये बव्हेरियातील एका खेड्यातील धर्मगुरू सुट्टीवर गेले असता त्यांच्या जागी महिनाभर सेवा करण्यासाठी मी गेलो. उन्हाळ्यात आपले अनेक धर्मगुरू असे जातात. रविवारच्या मिस्सानंतर तेथील वृद्ध साक्रिस्तानने मला आपल्या अंगणात बसवले आणि उंच पेल्यात गढूळ, पिवळसर बिअर ओतली. थोडी बाटलीत राखून ती गोल फिरवली आणि तळचा साका वरून सोडला. मी बेताने पेला तोंडाजवळ नेला. आधी लवंगेचा वास आला. त्यामागून दुसरा एक वास आला, तो ओळखायला मला थोडा वेळ लागला. तो पिकलेल्या केळ्याचा होता. वसईच्या वाडीत सोललेली राजेळी केळी सुकेळीसाठी उन्हात वाळत घातली की अंगणभर दरवळतो, तोच.

हा भास नव्हता. वाइसबिअर म्हणजे गव्हाची बिअर. तिच्यासाठी वापरले जाणारे यीस्ट आंबवताना जे पदार्थ निर्माण करते, त्यात आयसोअमाइल अ‍ॅसिटेट असते. केळ्याच्या वासाला मुख्यत्वे तेच कारणीभूत आहे. त्याच यीस्टमुळे लवंगेसारखा वास देणारा आणखी एक पदार्थ तयार होतो. बिअरमध्ये ना केळे असते ना लवंग. असते ती गहू, जव, हॉप, पाणी आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाची करामत. ताडीने पीठ फुगवणाऱ्या आमच्या आजीला हे विज्ञान ठाऊक नव्हते, पण त्या जीवाशी तिची चांगली ओळख होती. १५१६ साली बव्हेरियाच्या राज्यकर्त्यांनी बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी एवढेच असावे असा प्रसिद्ध कायदा केला, त्यातही यीस्टचा उल्लेख नाही.

त्या कायद्याने गव्हाची बिअर जवळजवळ हद्दपारच व्हायची. एका सरदार घराण्याला ती गाळण्याची विशेष मुभा होती. १६०२ मध्ये त्या घराण्याचा वंश खुंटला आणि तो हक्क राजघराण्याकडे आला. पुढे लोकांची चवच पालटली. एकोणिसाव्या शतकात वाइसबिअरला गिऱ्हाईक उरले नाही. १८७२ साली गेऑर्ग श्नायडर या बिअर गाळणाऱ्या गृहस्थाने ती बनवण्याचा हक्क मिळवला, म्हणून ती तगली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांची रुची पुन्हा तिच्याकडे वळली आणि आज ती बव्हेरियाची लाडकी बिअर आहे. एखाद्या माणसाचीच नव्हे, साऱ्या प्रदेशाची जीभही अशी पालटते, आणि टाकून दिलेले कधी पुन्हा जवळ करते.

परतण्यापूर्वी मी फ्रायसिंगजवळचे वाइएनश्टेफान पाहून आलो. बेनेडिक्टाइन व्रतस्थांचा तो मठ १८०३ साली सरकारजमा झाला. बिअरचा कारखाना मात्र आजही तेथे चालतो. आता तो बव्हेरिया राज्याच्या मालकीचा आहे, आणि १०४० सालाचा वारसा तो अभिमानाने सांगतो. प्रार्थनेचे स्वर थांबले, चव टिकली, हे पाहून एका धर्मगुरूला संमिश्र वाटणारच.

नवी आवड मिळाली म्हणून जुनीचा अपमान झाला असे मला वाटत नाही. लूव्हेनच्या काळोख्या संध्याकाळी त्या काळ्या बिअरने एका परक्या तरुणाला ऊब दिली. तिचे काम तिने पूर्ण केले. आज पन्नाशी उलटल्यावर मला हलके, उजेडासारखे काही आवडते. डुब्बलमध्ये मद्यार्क सात टक्के असतो, वाइसबिअरमध्ये साधारण पाच ते साडेपाच. तिचा मद्यार्क काढून टाकलेला प्रकारही मिळतो, आणि आता बहुतेक वेळा मी तोच मागतो, कारण केळे आणि लवंग त्यातही भेटतात.

ज्यांची चव आजाराने, औषधांनी किंवा वयाने पालटली आहे, असे अनेकजण आपल्या घरांतून आहेत. पूर्वी आवडायचे तेच ताटात वाढून 'घ्या ना, तुमच्या आवडीचे आहे' असा आग्रह त्यांना होतो, आणि ते बिचारे आपल्या माणसांचे मन राखण्यासाठी गिळत राहतात. त्यांना एकदा विचारून पाहावे, 'आता काय आवडते?' उत्तर यायला वेळ लागेल. कदाचित त्यांनाच ते अजून ठाऊक नसेल. तोवर त्यांच्याजवळ बसावे, आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवावा.