भिंतीत झिरी मारण्यापूर्वी

परळ-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेली माणसे गावी घर बांधायला काढतात तेव्हा दारे, खिडक्या, ओटा यांवर महिनाभर वाद घालतात आणि विजेचे पॉइंट मात्र वायरमनवर सोडून देतात. आमच्याकडेही तेच होऊ घातले होते. चाळीत वायरिंग ही ठरवायची गोष्टच नव्हती. लाकडी पट्टीवरून आलेली वायर, एक बोर्ड, त्यावर दोन खटके आणि पाच अँपिअरचा एक प्लग. इस्त्री लावायची तर टीव्ही बंद. रमजानमध्ये सहेरीला दिवा लावला तर साऱ्या खोलीची झोप मोडेल म्हणून अम्मी गॅलरीतल्या उजेडात पीठ मळायची. बेस्टची वीज मात्र क्वचितच जायची, त्यामुळे विजेवर आमचा जरा भाबडाच विश्वास.

आमचे गाव श्रीवर्धन तालुक्यात. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ त्याच किनाऱ्यावर आदळले. गावोगावचे खांब आडवे झाले, आमच्या जुन्या घराचे छप्पर गेले. 2021 मध्ये आम्ही जांभ्या दगडाचे नवे घर बांधायला घेतले. अब्बा म्हणाले, "पाच दिवे, तीन पंखे. बास. आपण राहणार किती दिवस?" दुबईतला धाकटा भाऊ फोनवरून प्रत्येक खोलीत एसी मागत होता. आणि तो जी उपकरणे आणतो त्यांच्या पिना तीन चौकोनी दांड्यांच्या. आपल्या गोल भोकांत त्या जात नाहीत, म्हणजे अडॅप्टरची वेगळीच वरात.

आम्ही नकाशावर आधी सामान मांडले. पलंग कुठे हे ठरल्याशिवाय उशाजवळचा खटका कुठे हे ठरत नाही. आपल्याकडे पलंगाची दिशा तर किब्ल्याने ठरते. पश्चिमेकडे पाय नकोत, म्हणजे उशी पूर्वेच्या भिंतीला नको. वायरमनने मात्र सोयीची म्हणून पूर्वेचीच भिंत धरली होती. तो शेजारच्या वाडीतला मुलगा, कारण सांगितल्यावर हसला आणि म्हणाला, "चाचा, आधी सांगायचं ना, झिरी मारल्यावर जांभा परत भरत नाही." वजू करायच्या जागी हात पोचेल असा एकही खटका ठेवला नाही. स्वयंपाकघरात ओट्यावर चार प्लग घेतले. अम्मीला ते फार वाटले. मिक्सर, फ्रीज, पाण्याचा फिल्टर आणि ईदच्या दिवशी जे काय निघेल ते मोजल्यावर ती गप्प झाली.

खरे भांडण अर्थिंगवरून झाले. लोहारचाळीतून आम्ही तांब्याची वायर आणली: दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची, प्लगना अडीचची, गिझर नि एसीला चारची. तिथवर अब्बा काही बोलले नाहीत. अंगणात खड्डा खणून पाइप पुरायचा, भोवती कोळसा नि मीठ भरायचे, वर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचा, हा खर्च त्यांना वायफळ वाटला. "एमसीबी आहे ना? फ्यूजसारखीच."

नाही. एमसीबी वायर जळू देत नाही; माणसाला वाचवणे हे तिचे काम नव्हे. गावातल्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध समजा वीस ओहम भरला, तर 230 व्होल्टला जमिनीत साडेअकरा अँपिअर जातील. सोळाची एमसीबी त्याने हलणारही नाही, आणि गिझरचे अंग तसेच जिवंत राहील. मे महिन्यात जांभा सुकतो तेव्हा हा रोध आणखी वाढतो. म्हणून खड्ड्यात पाणी ओतत राहावे लागते. आरसीसीबी मात्र गेलेला नि परत आलेला प्रवाह पडताळून पाहतो. थोडासाही दुसरीकडे गळला की क्षणात वीज तोडतो.

हे आकडे आम्ही अब्बांना कागदावर लिहून दाखवले. ते कागदाकडे बघत राहिले. मग आम्ही चाचीचे नाव घेतले. 1996 साली याच जागेवरच्या जुन्या घरात, न्हाणीत, बादलीत पाणी तापवायचा रॉड होता. चाचीने बटण बंद न करता पाण्यात बोटे घातली. घराला अर्थिंग नव्हते. ती अडतीस वर्षांची होती आणि तिच्या दोन मुली आमच्याच चाळीत, आमच्याच खोलीत वाढल्या. त्या दिवसाविषयी घरात कोणी बोलत नसे. अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः पहार घेऊन अंगणात खड्ड्याची जागा आखत होते.

गिलावा करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीला टेप लावून आम्ही पाइपांचे फोटो काढले. पुढे कोणी खिळा ठोकेल तेव्हा उपयोगी पडतील. एसी दोनच खोल्यांत बसले, इतर खोल्यांत नुसते पाइप टाकून ठेवले. इन्व्हर्टरची लाइन वेगळी काढली, कारण वादळानंतरचा तो अंधार गावात कोणीच विसरलेले नाही.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेले एक छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहायचे असते. गावी असले की अब्बा ते कुणाला न सांगता दाबतात. घर अंधारते, अम्मी आतून ओरडते, आणि ते खटका पुन्हा वर करतात.